जगबुडीचे सिनेमे, खानदेशच्या मातीवरून

धुळ्याहून साक्री, नंदुरबारकडे निघालं की सपाट वावरांच्या मधून काळ्या दगडाच्या अरुंद टेकड्या सरळ रेषेत दूरवर गेलेल्या दिसतात. त्या मुळात जमिनीला पडलेल्या भेगा आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातला वितळलेला खडक या भेगांतून वर चढला आणि आतल्या आत थिजला. भोवतालचा खडक झिजून गेल्यावर तो भिंतीसारखा उघडा पडला. भूवैज्ञानिक अशा भिंतींना 'डाइक' म्हणतात. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या अशा दोनशेहून अधिक डाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला सर्वांत लांब डाइक जवळपास ७९ किलोमीटरचा आहे.

याच काळात दख्खनभर लाव्हाचे थरावर थर साचत गेले. आज उरलेला प्रदेशच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. जळगावहून तासा-दीड तासाच्या अंतरावरची अजिंठ्याची लेणी याच थरांत कोरलेली आहेत. लाव्हाबरोबर बाहेर पडलेल्या वायूंनी साऱ्या पृथ्वीचं हवामान ढवळून निघालं. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा अशनी आदळला आणि पृथ्वीवरच्या तीन चतुर्थांश जीवजाती नाहीशा झाल्या. डायनोसॉर गेले ते तेव्हाच. त्यात अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून हिरिरीने वाद घालतात. कापूस पिकवणारी खानदेशची काळी जमीन हा त्या संकटाचाच भुगा आहे.

त्यामुळे जगाचा अंत दाखवणाऱ्या सिनेमांकडे खानदेशातून बघण्यात एक वेगळी गंमत आहे आणि एक मोजमापही आहे. असे सिनेमे शेकड्यांनी निघाले. हिंदीत डब होऊन ते तालुक्याच्या थिएटरांत आले, केबलवर आले, आता मोबाईलवर येतात. बहुतेकांत इमारती कोसळतात, लाट येते, नायक गाडी पिटाळतो आणि त्याचं कुटुंब वाचतं. घटकाभर श्वास रोखला जातो, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. पण थोडे सिनेमे असे आहेत की ते संकटाच्या आधी कोण काय ठरवत होतं आणि नंतर कोणाच्या ताटात काय पडलं, तिथे कॅमेरा रोखून धरतात. वेळ काढून बघावेत ते हेच.

रोलँड एमेरिक यांचा '२०१२' घ्या. २००९ साली आलेला हा सिनेमा भारतात तुफान चालला. त्याची सुरुवातच भारतातल्या एका खोल तांब्याच्या खाणीत होते. पृथ्वीचा गाभा तापत असल्याचा शोध लावतो सतनाम नावाचा भारतीय शास्त्रज्ञ. पुढे जगभरचे पुढारी आणि अब्जाधीश प्रचंड जहाजांत चढतात. सतनामला न्यायला येणारं विमान मात्र येतच नाही, आणि तो बायको-मुलासह लाटेखाली जातो. अडीच तासांच्या धुमश्चक्रीत हा प्रसंग मिनिटभराचा आहे. खरं तर सिनेमा तिथेच सुरू व्हायला हवा होता. जहाजात जागा कोणी वाटली आणि यादीतून नाव कोणी गाळलं, हे सांगायचं सोडून दिग्दर्शक पुन्हा लाटांकडे वळतो.

धूमकेतू-अशनींच्या टकरीच्या सिनेमांत मिमी लेडर यांचा 'डीप इम्पॅक्ट' (१९९८) अजून टिकून आहे. त्याच वर्षी आलेला 'आर्मागेडन' जास्त गाजला, पण 'डीप इम्पॅक्ट'मध्ये माणसं जास्त खरी आहेत. भुयारी आश्रयस्थानात शिरायला सोडत काढली जाते आणि पन्नाशी ओलांडलेल्या सामान्य माणसाला त्या सोडतीत जागाच नसते. या सिनेमाला यूजीन आणि कॅरोलिन शूमेकर या शास्त्रज्ञ दांपत्याने सल्ला दिला होता. त्यांच्यासोबत डेव्हिड लेव्ही यांनी शोधलेला धूमकेतू जुलै १९९४ मध्ये गुरू ग्रहावर आदळला, तेव्हा अशी टक्कर साऱ्या जगाने दुर्बिणीतून पाहिली. खानदेशच्या माणसाला ती टक्कर कल्पनेत आणायला लांब जावं लागत नाही. जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा आकाशातून आलेल्या दगडाने याच काळ्या खडकात पाडला. जगात बेसाल्टमधली अशी सुस्थितीतली विवरं फारच थोडी आहेत.

या विषयात सिनेमाच्या पुढे विज्ञान गेलं, हीही सांगण्यासारखी गोष्ट. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान डिमॉर्फोस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं. डिमॉर्फोसच्या परिक्रमेचा वेळ जवळपास अर्ध्या तासाने कमी झाला. म्हणजे आकाशातल्या दगडाला बाजूला ढकलता येतं. ढकलायची इच्छा असेल का, हा प्रश्न ॲडम मॅके यांच्या 'डोन्ट लुक अप'ने (२०२१) आदल्याच वर्षी विचारला होता. त्यात धूमकेतू सहा महिन्यांवर आलेला असतो आणि सत्ताधारी निवडणुकीच्या हिशेबात गुंतलेले असतात. सिनेमा जागोजागी मोठ्याने ओरडतो हे खरं. पण त्यातला धूमकेतू म्हणजे तापत चाललेलं हवामान, हे ओळखल्यावर त्या ओरडण्यामागची तगमग कळते.

आता साथीच्या रोगाकडे वळू. इथे मराठीचा वाटा मोलाचा आहे आणि तो फारसा कोणी साथीच्या सिनेमांच्या यादीत घालत नाही. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' हा १९७९ चा मराठी चित्रपट चापेकर बंधूंनी केलेल्या प्लेग अधिकारी रँडच्या वधाची कथा म्हणून ओळखला जातो. पण त्या कथेचं मूळ जागतिक महामारीत आहे. चीनमधून १८९४ साली हाँगकाँगला पोहोचलेला प्लेग १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत उतरला, तिथून पुण्यात. रँडच्या हाताखालचे सैनिक घराघरांत, देवघरांत घुसले, रोग्यांना उचलून नेलं, सामान रस्त्यावर काढून जाळलं. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पुढच्या काही दशकांत प्लेगने भारतात कोटीभर माणसं नेली. गावोगावची घरं ओस पडली आणि लोक शेतात झोपड्या घालून राहिले, या आठवणी महाराष्ट्रभर पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या.

पटवर्धनांचा सिनेमा शांत आहे. तो प्लेगची आकडेवारी सांगत बसत नाही. सरकारने रोगाशी लढताना माणसाला माणूस मानलं नाही, तर भीतीचं रूपांतर कशात होतं, हे तो दाखवतो. त्याच धांदलीत फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी जो कायदा लागू केला तो हाच, सव्वाशे वर्षांचा जुना. हे ध्यानात ठेवून '२२ जून १८९७' पाहिला की तो आजचा वाटतो.

स्टीव्हन सोडरबर्ग यांचा 'कंटेजन' (२०११) याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. तिथे डॉक्टर, प्रयोगशाळा, आकडे, फोन हेच नायक. एक रोगी किती जणांना रोग देतो, हा प्रश्न केट विन्स्लेटचं पात्र फळ्यावर लिहून समजावतं. कोरोनाच्या काळात घराघरांत पोहोचलेलं हे गणित त्याआधी नऊ वर्षं पडद्यावर येऊन गेलं होतं. सिनेमाच्या सल्लागारांत विषाणुतज्ज्ञ इयन लिपकिन होते आणि लॅरी ब्रिलियंटही होते. ब्रिलियंट यांनी १९७० च्या दशकात भारतात गावोगाव फिरून देवी रोगाच्या उच्चाटनाचं काम केलं होतं. त्यामुळे 'कंटेजन'मधल्या घरोघरी रुग्ण शोधण्याच्या शहाणपणात भारतातल्या धुळीचाही वाटा आहे असं म्हणायला हरकत नाही. त्यातला सर्वांत अस्वस्थ करणारा माणूस विषाणूचा बळी नाही. इंटरनेटवरून एका झाडाच्या काढ्याचा प्रचार करून लोकांची दिशाभूल करणारा तो लेखक आहे. जूड लॉने ती भूमिका केली आहे. व्हॉट्सॲपवरचे काढे आठवणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

त्याच्या जोडीने आशिक अबू यांचा 'वायरस' (२०१९) हा मल्याळम सिनेमा जरूर बघावा. मे २०१८ मध्ये केरळच्या कोझिकोडमध्ये निपाह विषाणूची साथ आली आणि १७ जणांचा जीव गेला. रुग्णवाहिकेचे चालक, वॉर्डातले सफाई कामगार, मृतदेहांची विल्हेवाट लावणारे, कोण कोणाला कुठे भेटलं याची साखळी जोडणारे तरुण डॉक्टर, सगळ्यांना त्यात जागा आहे. २०२० च्या मे-जूनमध्ये जळगावचा कोरोना मृत्युदर राज्याच्या चिंतेचा विषय झाला होता. त्या दिवसांत इथल्या आशा सेविका तळपत्या उन्हात दार ठोठावत फिरल्या. त्या कामाची गोष्ट सांगायची तर तिचा नमुना 'वायरस'मध्ये आहे.

आणि आता शिरपूरच्या लेकीचा सिनेमा.

स्मिता पाटील यांचा जन्म पुण्याचा, पण घर खानदेशचं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते आणि पुढे राज्यात मंत्री. 'जैत रे जैत', 'भूमिका', 'उंबरठा' ही नावं इकडे सगळ्यांना पाठ आहेत. पण जागतिक संकटावर जे मोजके थोर चित्रपट झाले, त्यांपैकी एकात ही मुलगी आहे, हे इथे कमी जणांना ठाऊक असेल. मृणाल सेन यांचा 'अकालेर संधाने', म्हणजे दुष्काळाच्या शोधात. १९८० चा हा बंगाली चित्रपट, १९८१ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलाने गौरवलेला.

विषय १९४३ चा बंगालचा दुष्काळ. तो नुसता पाऊस न पडल्याने आलेला नव्हता. महायुद्ध साऱ्या जगाला गिळत होतं. जपानने ब्रह्मदेश घेतल्याने तिकडचा तांदूळ थांबला, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रजांनी गावोगावच्या होड्या काढून घेतल्या, १९४२ च्या ऑक्टोबरात चक्रीवादळ आलं, साठेबाजांनी भाव चढवले. मेलेल्यांचा अंदाज वीस ते तीस लाखांचा. सेन यांनी ही कथा थेट सांगितली नाही. त्यांच्या सिनेमात कलकत्त्याची एक मंडळी १९८० साली एका खेड्यात १९४३ च्या दुष्काळावर सिनेमा काढायला येते. स्मिता पाटील त्यात स्मिता नावाचीच अभिनेत्री आहेत.

सुरुवातीला सगळं खेळीमेळीत चालतं. एका रात्री स्मिता उपाशी माणसांची छायाचित्रं दाखवून इतरांना ओळखायला लावते, हा कोणत्या सालचा दुष्काळ? उत्तरं चुकत जातात, कारण भुकेची छायाचित्रं कोणत्याही सालची एकसारखीच दिसतात. मग मंडळींच्या खरेदीने गावच्या बाजारातले भाव वाढतात. गावकरी म्हणू लागतात, हे लोक दुष्काळ शोधायला आलेत, पण तो तर आमच्या अंगाला चिकटलेलाच आहे. दुर्गा नावाची गावातली गरीब बाई चित्रीकरण बघता बघता किंचाळते, कारण पडद्यासाठी रचलेला प्रसंग तिच्या घरात घडू शकणारा असतो. शेवटी गाव खवळतं आणि शाळेचे हेडमास्तर मंडळींना परत जायला सांगतात. स्मिता पाटील यांनी दुर्गेकडे ज्या नजरेने पाहिलंय, तिथे सगळा सिनेमा एकवटतो. मदत करावीशी वाटते आणि करता येत नाही, अशी ती नजर आहे.

याच दुष्काळावर सत्यजित राय यांनी 'अशनी संकेत' (१९७३) केला, त्याला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. राय यांनी तो रंगीत केला. भाताची हिरवी खाचरं, फुलपाखरं, नदीचं पाणी सगळं जागच्या जागी, आणि माणसं मात्र कणाकणाने संपत जातात. अन्न जगात असतं, ते विकत घेण्याची ताकद माणसाकडे उरत नाही, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात अर्थशास्त्राच्या भाषेत मांडलं. राय आणि मृणाल सेन यांनी ते त्याआधीच पडद्यावर आणलं होतं.

खानदेशातल्या वयस्कर प्रेक्षकाला हे सिनेमे बघताना १९७२ आठवेल. तेव्हाही पीक गेलं, पण १९४३ घडलं नाही. खडी फोडायची, नालाबांध आणि पाझर तलाव बांधायची कामं निघाली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्याच दिवसांत उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. सुकडी, मिलो आणि हजेरीपट यांचा तो इतिहास पडद्यावर फार तोकडा आला आहे.

पिकांवरच्या संकटाचा सिनेमा म्हणून ख्रिस्तोफर नोलान यांचा 'इंटरस्टेलर' (२०१४) बघावा. लोक त्यातलं कृष्णविवर लक्षात ठेवतात. पण पहिला पाऊण तास पृथ्वीवरचा आहे. एका रोगाने गहू गेला, भेंडी चालली आहे, उरलाय फक्त मका, आणि घरात सगळीकडे धूळ. सुरुवातीला आठवणी सांगणारी म्हातारी माणसं बहुतेक खरीखुरी आहेत. अमेरिकेतल्या १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांतून वाचलेल्या या लोकांच्या मुलाखती केन बर्न्स यांच्या माहितीपटातून घेतल्या आहेत. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला तो पाऊण तास वेगळ्याच काळजीने बघावा लागेल. मैलोन्‌मैल एकाच वाणाच्या बागा, ऊतिसंवर्धित रोपं, म्हणजे सगळी झाडं जणू एकच. पावसाळ्यात हरण्या रोग आला की शेतकऱ्याला कोवळी बाग उपटून फेकावी लागते. जगाच्या बाजारातलं 'ग्रो मिशेल' नावाचं केळं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा रोगाने असंच संपवलं. त्याची जागा घेणाऱ्या केळ्यांवर आता त्याच रोगाची नवी जात अनेक देशांत पसरते आहे, आणि ती भारतातही शिरली आहे. नोलानने मक्याबद्दल कल्पिलेलं केळीबद्दल एकदा घडून गेलेलं आहे.

अणुयुद्धावर एकच नाव पुरे. बीबीसीचा 'थ्रेड्स' (१९८४), दिग्दर्शक मिक जॅक्सन, लेखक बॅरी हाइन्स. शेफील्ड या कारखान्यांच्या गावावर बॉम्ब पडतो आणि सिनेमा तिथे न थांबता पुढची तेरा वर्षं दाखवतो. आकाशातल्या काजळीने ऊन अडतं, पिकं बुडतात, मुलांची भाषाच तुटते. फार कठोर सिनेमा आहे, मुलांसोबत बघू नये. भारत-पाकिस्तानात मर्यादित अणुयुद्ध झालं तरी त्या धुराने जगभरचा पाऊस आणि पिकं कोसळतील, असा हिशेब ॲलन रोबॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे. म्हणून शेफील्डची ही गोष्ट परकी राहत नाही.

राहिला उन्हाळा. भुसावळ-जळगावच्या माणसाला ४५ अंश म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एमेरिक यांच्याच 'द डे आफ्टर टुमॉरो'मध्ये (२००४) हवामान परिषद दिल्लीत भरते आणि बाहेर बर्फ पडत असतो. अटलांटिक महासागरातला उबदार प्रवाह मंदावला तर युरोप गारठेल, ही कल्पना विज्ञानाला धरून आहे. पण दशकांनी घडणारी गोष्ट सिनेमाने काही दिवसांत उरकली. हवामानाचं संकट एवढं घाईत येत नाही. ते येतं नीलमाधव पंडा यांच्या 'कडवी हवा'मध्ये (२०१७) येतं तसं. बुंदेलखंडातला आंधळा म्हातारा हेदू, संजय मिश्रांनी अप्रतिम साकारलेला, कर्जात बुडालेल्या मुलासाठी जीव टाकतो आहे. आणि त्याच कर्जाची वसुली करणारा गुनू ओडिशाच्या किनाऱ्यावरचा आहे, त्याचं घर समुद्राने गिळलं आहे. एकाला पाऊस हवा, दुसऱ्याला पावसाची धास्ती. कर्ज वसूल करणारा आणि ऋणको दोघेही एकाच संकटाचे बळी, हे पंडा यांनी एकही इमारत न पाडता दाखवलं. त्याच्याआधी सतीश मनवर यांनी 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये (२००९) विदर्भातल्या एका घराचा पावसाशी चाललेला झगडा असाच जवळून टिपला होता.

या यादीत एक प्रकार मात्र जगभर कमी पडतो, तो म्हणजे टळलेल्या संकटाचा सिनेमा. त्याचं कच्चं सामान धुळे जिल्ह्यात पडून आहे. शिरपूर तालुक्यात तापीकाठच्या गाळाच्या जमिनीतलं पाणी खोल खोल गेलं होतं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल करून, बंधारे घालून पावसाचं पाणी थेट खालच्या थरांपर्यंत पोहोचवलं. 'शिरपूर पॅटर्न' म्हणून तो गाजला, आणि सरसकट खोदकामाने नदी-नाल्यांचं काय होतं म्हणून त्यावर टीकाही झाली. हा वाद पटकथेच्या दृष्टीने सोन्यासारखा आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड डोंगरावर चारशे हेक्टरहून अधिक जंगल राखलं. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. कोणी कुऱ्हाड चालवायची नाही हे गावाने कसं ठरवलं, दंड पहिल्यांदा कोणाला झाला असेल, त्या रात्री त्याच्या घरात काय बोलणं झालं असेल, इथून एखाद्या तरुण दिग्दर्शकाने सुरुवात करावी. तोवर जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतल्या चित्रपट मंडळांना 'अकालेर संधाने' आणि 'कडवी हवा' लागोपाठ दाखवता येतील, आणि त्यानंतरच्या चर्चेला शिरपूर आणि बारीपाड्याची माणसं बोलावता येतील.